चाळिसावं नाव

लखदरला कामगारांचा प्रतिनिधी म्हणून निवडलं, तेव्हा तो सभेत नव्हताच. दोन नंबरच्या बॉयलरची कोळसा दळायची चक्की अडकली होती. ती मोकळी करून, हात धुऊन तो कॅन्टीनमध्ये पोचला, तर सगळे वळून टाळ्या वाजवायला लागले. त्याला वाटलं, चक्की सुरू झाली म्हणून वाजवतायत.

"मुबारक," मीलूदनं त्याच्यासाठी बाकावर जागा केली. "आजपासून तू आमचा पुढारी."

"कसला पुढारी? मी तर चक्कीत होतो."

"म्हणून तर. इथे तुझ्याशी भांडण झालेला माणूस एकही सापडला नाही."

"मग?"

"मग काय, आता भांडतील."

मीलूद आणि लखदर चोवीस वर्षं एकाच पाळीत होते. मीलूद टर्बाइनवर, लखदर बॉयलरवर. मीलूद बावन्नचा, लखदर सत्तेचाळीसचा. हस्सी लकहल गावात वीजकेंद्राची चिमणी दिसत नाही असं एकही छप्पर नव्हतं, आणि त्या चिमणीखाली ज्याचा बाप, भाऊ नाहीतर मेव्हणा नाही असं घरही शोधून सापडलं नसतं.

समोर टेबलामागे राजधानीहून आलेल्या सलवाबाई उभ्या होत्या. पस्तिशीच्या असतील. सकाळी पांढरेशुभ्र असलेले त्यांचे बूट दुपारपर्यंत करडे झाले होते. त्यांनी लखदरसाठी सगळं पुन्हा सांगितलं. पुढच्या वर्षी कोळशाचं केंद्र बंद होणार. पठारावर सूर्यावर चालणारं मोठं केंद्र उभं राहतंय. इथल्या चाळीस जणांना उजदा शहरातल्या संस्थेत नऊ महिने शिकवणार आणि मग तिथे पक्की नोकरी देणार. पंचावन्नच्या पुढच्यांना निवृत्तिवेतन. ते वगळून उरतात शहाण्णव.

"आणि या चाळिसांच्या बाहेरचे?" लखदरनं विचारलं.

"त्यांचा पुढच्या टप्प्यात विचार होईल. पण हे चाळीस तुम्हीच निवडायचे. आम्ही वरून लादणार नाही. न्याय्य इंतिकाल म्हणतात तो हाच."

इंतिकाल म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं. पण गावात कुणी वारलं की तोच शब्द वापरायचे. मीलूदनं हात वर केला.

"बाई, आमच्याकडे इंतिकाल झाला म्हणजे माणूस गेला."

"शब्द तोच आहे. अर्थ वेगळा."

"तेच विचारतोय. आमचा त्यातला कुठला?"

कॅन्टीन हसलं. सलवाबाईही हसल्या आणि तारखा सांगायला लागल्या. यादी द्यायला दोन आठवडे होते.

घरी बायकोनं, रहमानं, सगळं ऐकून घेतलं आणि दोनच शब्द विचारले. "तुझं नाव?"

"अजून कुणाचंच लिहिलं नाही."

"आणि तय्यबचं?"

तय्यब तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं वीजकेंद्राच्या राखेचा ट्रक चालवत होता, पण ठेकेदाराच्या नावावर. पक्क्या कामगारांचं कार्ड पांढरं, ठेकेदाराच्या माणसांचं निळं. यादी फक्त पांढऱ्यांची होती. लखदरनं तिला ते सांगितलं. तिनं मसुरीची वाटी त्याच्यासमोर ठेवली ती जरा जोरात, एवढंच.

तय्यब दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. दारातूनच म्हणाला, "दाजी, एक सांगा. तो चिमणीचा धूर. तो छातीत शिरायच्या आधी कार्ड बघतो का?"

"बस तरी."

"बसतो. पण पांढऱ्या खुर्चीवर बसू की माझी निळी वेगळी आहे?"

लखदरनं खुर्ची पुढे ओढली. त्यानं चहा ओतला. तय्यब प्याला, बहिणीच्या मुलांशी खेळला आणि जाताना म्हणाला, "तुमच्यावर राग नाही. पण कुणावर करायचा ते तरी सांगा."

पहिले तीन दिवस त्याला काम सोपं वाटलं. नियम ठरवायचा आणि तो सगळ्यांना सारखा लावायचा. ज्याची नोकरी सगळ्यात जुनी, तो पहिला. त्यानं तशी नावं मांडली आणि लक्षात आलं, वरचे पंधरा जण दोन-तीन वर्षांत निवृत्तच होणार होते. नऊ महिने शिकायचं, वर्षभर काम करायचं आणि घरी बसायचं. मग सगळ्यात तरुण तो पहिला? पण तरुण म्हणजे बिनलग्नाचे. त्यातले निम्मे आत्ताच स्पेनला जायच्या गोष्टी करत होते. मग ज्याची मुलं जास्त तो पहिला. हा नियम त्याला आवडला, कारण त्यावर कुणी तोंड उघडू शकणार नाही असं वाटलं.

त्या नियमानं पहिला आला कद्दूर. सात मुलांचा बाप आणि पाळीवर झोपणारा. एकदा त्याच्या झोपेपायी बॉयलरचं पाणी तळाला गेलं होतं आणि लखदर धावला नसता तर अर्धं केंद्र उडालं असतं. आणि शेवटचा आला झुबैर. सगळ्यात हुशार वायरमन, लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. तो लखदरला बाजारात भेटला, कोपऱ्यात घेऊन गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अल्लानं दिलं नाही. आता तूही देऊ नकोस."

लखदरनं घरी येऊन तोही कागद फाडला.

मग तो दारोदार फिरला. प्रत्येकाचं ऐकून घ्यावं, म्हणजे आपोआप काहीतरी ठरेल, असं त्याला वाटलं. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक घरी खरी गोष्ट. एकाची बायको डायलिसिसवर. एकाचं घर बँकेकडे गहाण. एकानं काहीच मागितलं नाही, फक्त बापाचा फोटो दाखवला. बाप जुन्या खाणीच्या धुळीनं छाती दगड होऊन गेला होता. बाहेर पडताना लखदरला वाटायचं, हाच, याचंच नाव पहिलं. आणि पुढच्या दारात पुन्हा तसंच वाटायचं. सत्तर दारं झाली. डोकं असं भरलं की कुणाची बायको आजारी आणि कुणाचं घर गहाण याची सरमिसळ व्हायला लागली. एकाला त्यानं आईच्या ऑपरेशनबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आई जाऊन सहा वर्षं झाली, लखदर. तू खांदा दिला होतास."

गुरुवारी सकाळी तो करानवाल्याच्या गाडीपाशी उभा होता. करान म्हणजे चण्याच्या पिठाची गरम वडी पावात, वर जिरं. गाडीच्या पलीकडून एक बाई मानाचं 'सी' लावून म्हणाली, "सी लखदर, माझ्याकडे नाही आलात."

डोक्याला रुमाल, भुवयांमध्येही राख. गावात सगळे तिला ओळखत. मबरूका. केंद्रामागच्या राखेच्या ढिगावर पंचवीसएक बाया चाळण्या घेऊन बसत. राखेत अर्धवट जळलेला कोळसा राहतो, तो वेचून हमामाच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीला आणि विटा भाजणाऱ्यांना विकत. मबरूका त्यांची म्होरकी. चार वर्षांपूर्वी केंद्रानं ढिगाला कुंपण घालायला घेतलं, तेव्हा ती ट्रकसमोर आडवी पडली होती. त्या ट्रकवर तय्यबच होता.

"तुमच्याकडे कशाला, लल्ला? तुम्ही काही केंद्रात नाही," तोही बायकांना लावायचा मानाचा शब्द लावून म्हणाला.

"मी केंद्रात नाही. केंद्र माझ्यात आहे," ती म्हणाली आणि खोकून दाखवलं. गाडीवाला हसला. ती हसली नाही. "एक विचारायचं होतं. सहा वर्षांपूर्वी तुमच्या बॉयलरला काय झालं होतं?"

"काय म्हणजे?"

"त्या हिवाळ्यात राखेत काही उरतच नव्हतं. दिवसभर चाळायचं आणि मूठभर. पिठासारखी राख. माझ्या दोन पोरी त्या वर्षी शाळेतून काढल्या मी."

लखदरला तो हिवाळा चांगला आठवत होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः बॉयलरच्या हवेच्या झडपा बदलून बसवल्या होत्या. आठ आठवडे खपून. कोळसा पूर्ण जळायला लागला. राजधानीहून साहेब आले होते, त्याला प्रमाणपत्र मिळालं होतं. ते अजून घरात दिवाणाच्या वर लटकत होतं. पुढच्या वर्षी हलका कोळसा यायला लागला, झडपा झिजल्या आणि सगळं पूर्वीसारखं झालं.

"मी... आम्ही तो नीट जाळत होतो," तो म्हणाला.

"हो? आम्हाला वाटलं, काहीतरी बिघडलंय."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागलं.

"आता केंद्र बंद," मबरूका म्हणाली. "म्हणजे राख बंद. आमची बैठक कुठल्या कॅन्टीनमध्ये आहे?"

"बैठक नाही."

"मग आम्ही कुठल्या रंगाच्या?"

लखदरनं पाव तसाच गाडीवर ठेवला. ती पुढे म्हणाली, "ऐकलंय, तिकडे काचा असतात, शेतासारख्या पसरलेल्या. त्यांच्यावर धूळ बसली की वीज येत नाही. खरं आहे?"

"खरं आहे."

"धुळीतलं तुमच्या टर्बाइनवाल्यांना जास्त कळतं की मला?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, लखदर खोलीत दार लावून बसला. नियम आता एकही उरला नव्हता. त्यानं नुसती नावं लिहायला घेतली, डोळ्यांसमोर चेहरा येईल तशी. झुबैर. डायलिसिसवाल्याचं नाव. मीलूदचं अकरावं. कद्दूरचंही लिहिलं, का ते त्याला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस झाली. मग त्यानं चाळिसाव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि खोडलं. तय्यबचं लिहिलं आणि खोडलं. शेवटी तिथे मबरूका असं लिहिलं, आणि ते खोडायला हात उचललाच नाही.

हा मोठेपणा होता का? त्यानं स्वतःलाच विचारलं. नसावा. स्वतः आणि मेव्हणा यांच्यापैकी कुणा एकाला निवडायला नको, म्हणून तिसऱ्याच माणसाला निवडलं, असंही असेल. की सहा वर्षांपूर्वीची टोचणी? की ती म्हणाली ते खरंच बरोबर होतं? तीन कारणं होती आणि त्यातलं खरं कुठलं, ते त्याला ओळखता येईना.

रहमानं यादी वाचली. ती शाळा शिकलेली होती.

"तू स्वतःला गाळलंस, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "भोळा आहेस. पण निळं कार्ड चालत नाही म्हणून माझा भाऊ नाही, आणि जिला कार्डच नाही ती चालते? हे मला समजावून सांग."

"मलाच समजलेलं नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"काहीतरी लिहायचं होतं ना!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या खोलीतली मुलं गप्प झाली. रहमा आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

सलवाबाईंनी यादी बोटानं वाचत नेली आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या. "ही कोण? नोंदवहीत नाही ही."

"राखेवरची आहे."

"सी लखदर, ही यादी कर्मचाऱ्यांची आहे."

"तुमच्या कागदावर लिहिलंय, 'बदलाची झळ पोचलेले'. तिला पोचलीय."

सलवाबाईंनी कागद पुन्हा पाहिला. तसं लिहिलं होतं खरं. त्यांनी स्वतःच लिहिलं असावं बहुतेक. "मी विचारून बघते," त्या म्हणाल्या. "काय सांगतील, माहीत नाही."

तीन आठवड्यांनी गेटवर यादी लागली. लखदर रात्रपाळी करून बाहेर पडला तर फळ्यासमोर गर्दी, आणि गर्दीनं त्याला वाट करून दिली. हे चांगलं लक्षण नव्हतं. त्यानं वरून खाली वाचलं. झुबैर होता. कद्दूर होता. शेवटी मबरूका, पूर्ण नावानिशी. पण अकराव्या ओळीवर मीलूद नव्हता. तिथे लिहिलं होतं, लखदर.

मागून कुणीतरी म्हणालं, "वा पुढारी!" आणि दुसरं कुणीतरी थुंकलं. जमिनीवरच थुंकलं, पण त्याच्या पायापासून फार लांब नाही.

तो तसाच, झोप न घेता, पहिल्या गाडीनं उजद्याला गेला. सलवाबाई तिथल्या कचेरीत होत्या.

"मी असं लिहिलंच नव्हतं!"

"मला माहीत आहे. मी पाठवलेली प्रत ही बघा, तुमच्याच अक्षरातली." त्यांनी कागद पुढे केला. "नंतर ती तीन कचेऱ्यांतून फिरली. एकीकडे तब्येतीचे कागद पाहतात. मीलूदच्या छातीचं काही असेल. दुसरीकडे कदाचित कुणी म्हणालं असेल, प्रतिनिधी यादीत हवाच. मी विचारलं. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो."

"आणि मबरूका?"

त्या जरा ओशाळल्या. "ती राहिली याचं मलाच नवल वाटलं. नंतर कळलं, एका रकान्यात किमान एक बाई असावी अशी अट होती. तुमच्या यादीत दुसरी नव्हती."

लखदर खुर्चीत टेकला. म्हणजे त्यानं तीन कारणांनी लिहिलेलं नाव चौथ्याच कारणानं टिकलं होतं. "माझं नाव काढा. मीलूदचं घाला."

"काढता येईल. पण त्याचं घालता येणार नाही. जागा रिकामी राहील. एकोणचाळीसच जातील." मग डोळ्यांवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल मी लपवतेय. खरंच सांगते, हे कोण ठरवतं ते मलाही माहीत नाही. मी फक्त त्याला न्याय्य इंतिकाल हे नाव दिलं."

परतीच्या गाडीत तो दोन्ही बाजूंनी विचार करत राहिला. नाही गेलो तर एक जागा फुकट, आणि लोक म्हणतील, चोरी पकडली म्हणून घाबरला. गेलो तर मित्राची जागा खाल्ली. गाव आलं तरी ठरेना. शेवटी रहमानंच ठरवलं. तिनं न बोलता त्याची बॅग भरली. वर लोकरीचा सदरा ठेवला आणि म्हणाली, "रिकाम्या जागेनं मीलूदच्या घरी चूल पेटणार आहे का? जा."

सप्टेंबरात संस्थेची बस निघाली. लखदरच्या शेजारची जागा कुणी घेईना. शेवटी चढली मबरूका, हातात पिशवी, तोंड धुऊन लालबुंद झालेलं. ती येऊन धपकन बसली.

"तुमच्या बाया आल्या नाहीत निरोप द्यायला?" त्यानं विचारलं.

"आल्या ना. शिव्या द्यायला." ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हणतात, आमच्या नावानं बोललीस आणि एकटी चाललीस. मी काय सांगू? एकीच्या जागी पंचवीस बसवून घेतात का तिथे?" थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही मलाच का लिहिलंत?"

"खरं सांगू? माहीत नाही."

"बरं झालं. दयेनं लिहिलं म्हणाला असतात, तर उतरले असते."

नऊ महिने निघाले. मबरूकाला अक्षरं येत नव्हती. झुबैर तिला तोंडी सगळं सांगायचा आणि ती तारांचे रंग पाठ करायची. लखदरला उलटं झालं. त्याला पुस्तकातलं कळायचं, पण हातांना काय करावं ते सुचायचं नाही. आयुष्यभर आगीच्या रंगावरून काम केलेला माणूस, आता निळ्या काचेसमोर उभा राहायचा आणि ती चालू आहे की बंद, हे दर वेळी दुसऱ्याला विचारायचा. तरी दोघंही पास झाले. नव्या केंद्रात मबरूकाला काचा धुण्याच्या तुकडीची मुकादम केलं. तिनं आल्या-आल्या सांगितलं की काचा दुपारी धुवायच्या नाहीत, पहाटे दव असताना पुसायच्या, पाणी निम्मं लागतं. इंजिनिअरांनी करून पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या वर्षी राखेवरच्या सहा बायांना तिनं तुकडीत घेतलं. अठराएक मागे राहिल्या. त्यातल्या काही अजून तिच्याशी बोलत नाहीत.

इकडे हे शिकत असतानाच, मार्चमध्ये, कोळशाचं केंद्र बंद झालं. तय्यब नादोरच्या बंदरावर ट्रक चालवायला गेला. सणाला येतो, मुलांना खेळणी आणतो, दाजींना मिठी मारतो, पण त्या विषयावर अक्षर काढत नाही. पुढचा टप्पा अजून आलेला नाही. दर महिन्याला कुणीतरी येऊन माहिती भरून घेतं.

मीलूदला बंद केंद्रावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. वर्षभर लखदर त्याच्या दारावरून जायचं टाळत होता. एका शनिवारी दुपारी मीलूदच दारात उभा दिसला आणि म्हणाला, "किती दिवस लांबच्या गल्लीनं जाणार आहेस? ये आत. बिसारा केलाय."

दोघं वाटाण्याच्या त्या दाट आमटीच्या वाट्या घेऊन बसले. मोजक्या शब्दांत बोलणं चालू होतं. पाव तोडता तोडता मीलूदनं विचारलं, "एकदाच विचारतो. माझं नाव तू काढलंस?"

"नाही."

"तब्येतीमुळे गेलं?"

"असं त्या बाई म्हणाल्या. त्यांनाही नक्की माहीत नाही."

"मग कोणी काढलं?"

"माहीत नाही, मीलूद. शपथ घेऊन सांगतो."

मीलूदनं पाव वाटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "हे तर आणखी वाईट झालं रे. तू काढलं असतंस तर तुझ्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या असत्या, दोन वर्षं बोललो नसतो आणि मग एखाद्या ईदला मिटवून टाकलं असतं. आता मी कुणाला शिव्या देऊ? रकान्याला?"

"मला दे."

"तुला देऊन मजा येत नाही. तू आधीच मान खाली घालून बसलायस." त्यानं तेलाची बाटली लखदरकडे सरकवली. "घे. कोरडं खाऊ नकोस."

लखदरनं तेल घेतलं. त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं: सत्तर दारांबद्दल, फाडलेल्या कागदांबद्दल, आणि आपण बसमध्ये बसलो ते बरोबर केलं की चूक, हे अजून न समजल्याबद्दल. पण मीलूदला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ चालली, आणि थांबल्यावर त्यानं डोळे पुसत विचारलं, "त्या काचा. ढग आले की काय करता रे तुम्ही लोक?"

"काही नाही. वाट बघतो."

"आणि त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो."

मीलूद विचारात पडला. लखदरही. मग मीलूदच्या बायकोनं आणखी पाव आणून ठेवला आणि ते पुन्हा खायला लागले.